किरकोळ दुखण्यावर घरच्या घरी इलाज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोकं ठणकतंय, दाढ ठसठसतेय, घोटा मुरगळलाय, कंबरेत उसण भरलीय, पाळीत ओटीपोटात कळा येतायत. अशा वेळी लोक डॉक्टरकडे लगेच जात नाहीत आणि बहुतेकदा जायची गरजही नसते. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या गोळ्या, बर्फ, शेक, थोडी हालचाल यावर काम भागतं. मात्र या साध्या गोळ्या साध्या वाटतात म्हणूनच त्या चुकीच्या घेतल्या जातात. नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं पुढे दिली आहेत. ती प्रामुख्याने एरवी धडधाकट असलेल्या प्रौढांसाठी आहेत. मुलं, गरोदर स्त्रिया आणि जुने आजार असलेल्यांबद्दल वेगळं लिहिलं आहे.

माझं दुखणं घरी सांभाळण्याजोगं आहे का, हे कसं ओळखायचं?

डॉक्टर ० ते १० मध्ये आकडा विचारतात, पण घरी त्या आकड्याचा फारसा उपयोग होत नाही. एकाचा चार तो दुसऱ्याचा आठ असतो. त्यापेक्षा दुखणं तुम्हाला काय करू देत नाही, ते बघा. कामात गुंतलं की विसरायला होत असेल तर ते सौम्य. काम होतंय, पण लक्ष सारखं तिकडेच जातंय, रात्री कूस बदलताना जाग येतेय, तर मध्यम. धड बोलता येत नाही, उभं राहवत नाही, घाम फुटतोय, हे घरी बसून सांभाळायचं दुखणं नाही. कधी थांबू नये त्याबद्दल शेवटी लिहिलंय. घाई असेल तर आधी तेच वाचा.

लगेच गोळी घ्यावी, की थोडं सोसावं?

दुखणं अंगावर काढण्यात कसलाही पराक्रम नाही, आणि जरा खुट्ट झालं की गोळी तोंडात टाकण्यातही शहाणपण नाही. दुखणं कुठलं, यावर ठरवा. पाळीतल्या कळा आणि अर्धशिशी यांत गोळी सुरुवातीलाच घेतलेली बरी. कळ पूर्ण चढल्यावर तीच गोळी कमी पडते. व्यायामाने अंग आंबलंय, मान आखडलीय, साधा मुका मार लागलाय, तर आधी शेक किंवा बर्फ आणि थोडा वेळ द्या.

दुखणं शून्यावर आलंच पाहिजे, असा हट्ट मात्र धरू नका. रात्री झोप लागतेय, दिवसा हालचाल करता येतेय, एवढं साधलं की गोळीने तिचं काम केलं. शून्याच्या मागे लागलेली माणसंच पुढची गोळी वेळेआधी घेतात.

पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन यांत फरक काय? दोन्ही दुखण्याच्याच गोळ्या ना?

दुखण्याच्याच, पण काम करण्याची जागा निराळी.

शरीरात कुठे इजा झाली की तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. त्यांच्यामुळे सूज येते आणि तिथल्या नसा हळव्या होतात. एरवी न जाणवणारा स्पर्शही दुखतो. आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन हा गट ही रसायनं तयारच होऊ देत नाही. अ‍ॅस्पिरिन हे कसं करते, ते जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिलं आणि १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. म्हणजे ही गोळी सात दशकांहून जास्त काळ लोक घेत होते आणि ती चालते कशी, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. गोम अशी की हीच रसायनं जठराच्या आतल्या अस्तराचं रक्षण करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात. ती अडवली की दुखणं कमी होतं, पण पोट आणि मूत्रपिंड उघडं पडतं. या गटाचे बहुतेक दुष्परिणाम इथूनच येतात.

पॅरासिटामॉल मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जूत काम करतं. ताप उतरवतं, दुखणं कमी करतं, सुजेवर मात्र त्याचा जवळपास काही उपयोग नाही. पोटाला ते सौम्य आहे. त्याचा धोका आहे यकृताला, तोही मात्रा ओलांडली तर.

त्यामुळे मुरगळलेला घोटा, दाढ, पाळीच्या कळा अशा ठिकाणी आयबुप्रोफेन सहसा सरस ठरतं. ताप, अंगदुखी, साधी डोकेदुखी, किंवा पोट-मूत्रपिंडाची जुनी तक्रार असेल तर पॅरासिटामॉल. कंबरदुखीत मात्र पॅरासिटामॉलची किमया फारशी चालत नाही. अचानक भरलेल्या कंबरदुखीवर ऑस्ट्रेलियात झालेली एक मोठी चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत पॅरासिटामॉल घेणारे आणि औषध नसलेली नुसती खोटी गोळी घेणारे साधारण सारख्याच वेळात बरे झाले.

किती घ्यायची, आणि किती वेळाने?

पॅरासिटामॉल : प्रौढांसाठी एका वेळी ५०० ते १,००० मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान ४ ते ६ तास, आणि २४ तासांत ४,००० मिलिग्रॅमच्या वर अजिबात नाही. वजन ५० किलोपेक्षा कमी, यकृताचा आजार, रोजची दारू किंवा बरेच दिवस पोटात अन्न नाही, यांपैकी काहीही असेल तर मर्यादा याहून खाली येते. ती डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

आयबुप्रोफेन : एका वेळी २०० ते ४०० मिलिग्रॅम, ६ ते ८ तासांनी, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय २४ तासांत १,२०० मिलिग्रॅमपर्यंतच.

पाकिटावर याहून कमी मर्यादा छापली असेल तर पाकिटावरची पाळा. सुरुवात कमी मात्रेने करा. गोळी घेतल्यावर अर्धा ते एक तास वाट बघा. वीस मिनिटांत उतार पडला नाही म्हणून दुसरी घेणं, ही सगळ्यात सर्रास होणारी चूक. डॉक्टरांना न विचारता दुखण्यासाठी फार तर दहा दिवस आणि तापासाठी तीन दिवस, त्यापुढे नाही.

मी तर ठरलेल्या गोळ्याच घेतो. मग मात्रा जास्त कशी होईल?

एक दिवस मांडून बघू. सर्दी झालीय, डोकं दुखतंय, अंगात कणकण आहे. सकाळी ७ वाजता पॅरासिटामॉल ५०० च्या दोन गोळ्या. दहाला नाक चोंदलं म्हणून सर्दीची गोळी. दुपारी १ वाजता पुन्हा दोन. चारला पुन्हा सर्दीची. रात्री ८ ला दोन, आणि झोप लागावी म्हणून झोपताना आणखी एक सर्दीची. या माणसाच्या हिशेबाने त्याने तीनदाच पॅरासिटामॉल घेतलं, म्हणजे ३,००० मिलिग्रॅम. आता सर्दीच्या गोळीची स्ट्रिप उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. तिच्यातही पॅरासिटामॉल ५०० असतं, आणि अशा बऱ्याच गोळ्यांत असतं. एकूण भरलं ४,५००.

म्हणून स्ट्रिपच्या पुढचं मोठं नाव नव्हे, मागचं घटकाचं नाव वाचायची सवय लावा. परदेशातून आणलेल्या औषधांवर पॅरासिटामॉलऐवजी अ‍ॅसिटामिनोफेन लिहिलेलं असतं. पदार्थ एकच.

मात्रा जास्त गेली, अशी नुसती शंका असली तरी बरं वाटतंय म्हणून थांबू नका. पहिल्या दिवशी मळमळीपलीकडे काही जाणवत नाही, कधी तेवढंही नाही. यकृताचं नुकसान दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू लागतं. यावर अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा आहे आणि गोळ्या घेतल्यापासून ८ तासांच्या आत तो सुरू झाला तर सगळ्यात चांगला लागू पडतो. तडक रुग्णालय गाठा.

दोन्ही गोळ्या एकत्र चालतात का?

पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन, हो. वाटा वेगळ्या असल्याने एकमेकांच्या आड येत नाहीत. अक्कलदाढ काढल्यावरच्या दुखण्यावर ही जोडी एकेकट्या गोळीपेक्षा जास्त उपयोगी पडते, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. एकत्र घ्या किंवा आलटून पालटून; प्रत्येकीची चोवीस तासांची मर्यादा आपापली. आलटून पालटून घेत असाल तर वेळा कागदावर लिहा. दुखण्याने हैराण झालेल्या माणसाला रात्री दोन वाजता ‘मगाशी कोणती घेतली होती?’ हे आठवत नाही.

आयबुप्रोफेनसोबत डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन किंवा दुखण्यासाठी अ‍ॅस्पिरिन, हे मात्र कधीच नाही. सगळ्या एकाच गटातल्या. फायदा तेवढाच राहतो, पोटातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

जेवूनच घ्यावी का?

पॅरासिटामॉलला काही बंधन नाही. आयबुप्रोफेन गटातली गोळी खाल्ल्यावर आणि भरपूर पाण्यासोबत घेतलेली बरी. जळजळ, मळमळ कमी होते. पण खाल्लं म्हणजे पोट सुरक्षित, असा समज नको. ही गोळी रक्तात मिसळल्यावरही जठराचं अस्तर कमकुवत करते, तिथे पुढ्यातलं ताट काही करू शकत नाही. शौचाला डांबरासारखी काळी झाली किंवा उलटीत रक्त दिसलं तर गोळी बंद आणि लगेच डॉक्टर.

पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांबद्दल एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. अशा काही गोळ्यांत प्रत्येकी ४०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली दिवसाची मर्यादा २,००० आहे. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या रुग्णांनी साधी गोळी गिळावी.

आयबुप्रोफेन कुणी टाळावं?

पोटात व्रण असलेल्यांनी किंवा पूर्वी झालेल्यांनी. मूत्रपिंडाचा आजार, हृदय कमकुवत असणं, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला असणं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असणं. अशा गोळीने पूर्वी कधी दम लागला असेल किंवा अंगावर गांधी उठल्या असतील तर त्यांनीही. दम्याच्या काही रुग्णांना या गटाचा त्रास होतो. गरोदरपणात विसाव्या आठवड्यापासून पुढे तर टाळाच, कारण बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. त्याआधीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. तिथे पॅरासिटामॉल, लागेल तेवढंच आणि कमीत कमी दिवस, हा नेहमीचा पर्याय.

रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांकडे इथे जरा लक्ष द्यायला हवं. रक्तदाबाची काही औषधं, लघवी वाढवणारी गोळी आणि वर आयबुप्रोफेन, असं तिहेरी ओझं मूत्रपिंडाला झेपत नाही. त्यातच जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी कमी झालं असेल तर एरवी चाललेली मात्राही महागात पडते. हृदयासाठी रोज छोटी अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांनी आयबुप्रोफेनची वेळ विचारून घ्यावी, कारण ते आधी पोटात गेलं तर अ‍ॅस्पिरिनचा रक्त गोठू न देण्याचा गुण अडतो.

बर्फ लावू की शेक देऊ?

ताजा मार, ताजी सूज, हाताला गरम लागणारा भाग : बर्फ. आखडलेला स्नायू, जुनी कंबरदुखी, पाळीच्या कळा : शेक. पंधरा-वीस मिनिटं पुरे, आणि दोन्ही वेळा मध्ये कापड हवं. बर्फ थेट कातडीवर ठेवला तर तोही भाजतो. मधुमेहामुळे पावलांना बधिरपणा आलेल्यांनी तिथे शेक घेऊच नये. भाजलेलं कळत नाही आणि जखम लवकर भरत नाही.

विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंचावर, हे चार गोष्टींचं सूत्र १९७८ मध्ये गेब मर्किन या अमेरिकी डॉक्टरने मांडलं. पुढे खुद्द त्यांनीच मत बदललं : बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांनी बरं होणं लांबू शकतं, असं ते म्हणाले. त्यामुळे बर्फ हा ठणका कमी करण्यासाठी पहिल्या एक-दोन दिवसांपुरता धरा. त्याने इजा भरून येत नाही. पाय टेकवता येऊ लागला की हळूहळू चालू लागा.

आणि ठेच लागल्यावर आपण अंगठा गच्च धरून चोळतो ना, त्यात तथ्य आहे. स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत पोचून दुखण्याच्या संदेशांना काहीसं अडवतात, अशी मांडणी मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये केली. मालिशने बरं वाटतं त्यामागेही काही अंशी हेच असावं.

कंबर धरलीय. किती दिवस पडून राहू?

शक्यतो एकही नाही. पहिल्या दिवशी फारच कळ असेल तर तास-दोन तास पाठीवर झोपून गुडघ्यांखाली उशी घ्या, किंवा कुशीवर होऊन गुडघ्यांमध्ये. मग उठा. घरातल्या घरात चाला, थोडं थोडं पण वारंवार. पडून राहिल्याने स्नायू आणखी आखडतात आणि वाकायची भीती मनात बसते. ही भीती दुखणं गेल्यावरही मागे राहते आणि माणूस महिनोन्‌महिने कंबर जपत वाकडा चालतो. हालताना थोडं दुखलं म्हणजे आत काही तुटतंय, असं नाही. उसण बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप सुटते. शेक, चालणं आणि गरज पडली तर थोडे दिवस आयबुप्रोफेन, इतकंच लागतं. क्ष-किरण तपासणीची घाई नको.

मलम, जेल, स्प्रे यांचा खरंच उपयोग होतो?

डायक्लोफेनॅक जेलचा होतो, विशेषतः गुडघा आणि हाताच्या सांध्यांवर. औषध जागेवर काम करतं आणि रक्तात फार थोडं जातं, त्यामुळे आजी-आजोबांच्या गुडघेदुखीत गोळीआधी जेल वापरून बघावं, असं माझं मत आहे. खुब्याचा सांधा खोल असतो, तिथपर्यंत ते पोचत नाही. मेंथॉलची झणझणीत मलमं तेवढ्यापुरता थंडावा किंवा ऊब देतात, लक्ष दुसरीकडे वळवतात. तेही काही कमी नाही. जखमेवर लावू नका, लावलेल्या जागी वरून शेक देऊ नका, आणि हात धुतल्याशिवाय डोळे चोळू नका.

माझं डोकं वरचेवर दुखतं आणि गोळीशिवाय दिवस जात नाही. असं का?

कदाचित गोळीमुळेच. महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्या, तर त्याच गोळ्या डोकेदुखी जागती ठेवतात. एकाहून अधिक औषधं मिसळलेल्या गोळ्यांत ही मर्यादा दहा दिवसांवर येते. गोळीचा अंमल उतरला की डोकं दुखतं, म्हणून पुन्हा गोळी. यावर उपाय गोळी थांबवणं हाच, पण पहिले काही दिवस डोकेदुखी वाढते, त्यामुळे डॉक्टरांना सांगून थांबवा. तोवर दिनदर्शिकेवर गोळीच्या दिवशी खूण करत जा. महिनाअखेरीस खुणा मोजल्या की बऱ्याच जणांचे डोळे उघडतात, कारण आठवणीतला आकडा नेहमी कमी असतो.

गोळीशिवाय आणखी काय करता येतं?

झोप सांभाळा. रात्र जागून काढली की दुसऱ्या दिवशी तेच दुखणं जास्त झोंबतं, याला प्रयोगांचाही आधार आहे. दुखण्याने झोप उडते आणि झोप उडाल्याने दुखणं वाढतं, म्हणून गोळी दिवसातून एकदाच घ्यायची असेल तर ती निजण्याआधीची असू द्या.

संथ श्वास, विशेषतः सोडताना लांबवलेला, ताठलेले खांदे-जबडा सैल सोडतो. आवडतं संगीत, गप्पा, हातातलं काम यांनी लक्ष दुसरीकडे जातं आणि दुखणं खरोखर कमी जाणवतं. याचा अर्थ दुखणं मनाचं आहे, असा कुणी काढला तर ऐकू नका. दुखण्याचा हिशेब शेवटी मेंदूच मांडतो आणि तो एका वेळी किती गोष्टींकडे लक्ष देणार?

लहान मुलांना मोठ्यांची अर्धी गोळी चालेल?

नाही. मुलांची मात्रा वजनावर ठरते. पॅरासिटामॉल दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, ४ ते ६ तासांनी, दिवसात फार तर चारदा. औषध पाजण्याआधी बाटली उजेडात धरून वाचा : एकीवर ‘५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम’ असतं, तशाच दिसणाऱ्या दुसरीवर ‘५ मिलिलिटरमध्ये २५०’. चमचा तोच, औषध दुपटीहून जास्त. स्वयंपाकघरातला चमचा तर नकोच. सोबत आलेली सिरिंज किंवा मापाचं टोपण वापरा.

सोळा वर्षांखालच्यांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये, कारण राय सिंड्रोम हा मेंदू आणि यकृतावर घाला घालणारा दुर्मीळ आजार त्याच्याशी जोडलेला आहे. कांजिण्यांत आयबुप्रोफेन टाळा. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर घरी काहीच न देता डॉक्टरकडे न्या.

वाट न बघता डॉक्टरकडे कधी जावं?

छातीत दाब येऊन कळ हात, जबडा किंवा पाठीकडे सरकतेय. आयुष्यात कधी नव्हती अशी डोकेदुखी क्षणात उसळली. डोकेदुखीसोबत ताप आणि मान ताठ, किंवा बोलणं अडखळतंय, एक बाजू लुळी वाटतेय. कंबरदुखीसोबत लघवी-शौचावर ताबा राहिला नाही किंवा मांड्यांच्या आतली जागा बधिर झाली. पोट दगडासारखं कडक आणि हात लावू देत नाही. एकच पोटरी सुजून दुखतेय. मार लागल्यावर चार पावलंही टाकता येत नाहीत. यांतल्या कशातही गोळी घेऊन वाट बघायची नाही.

घाई नसलेलं, पण जायलाच हवं असं : दहा दिवसांत उतार नाही, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं दिवसागणिक वाढतंय, कारण नसताना वजन घटतंय.

डॉक्टरांना काय सांगू?

कधी सुरू झालं, कशाने वाढतं, कशाने बरं वाटतं, कोणती गोळी किती वाजता घेतली आणि उतार किती वेळ टिकला. रोजची औषधं, अगदी रक्तदाबाची नेहमीची गोळीसुद्धा, सांगायला विसरू नका. सोपं म्हणजे घरातल्या सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून सोबत न्या. ‘ती पांढरी, गोल गोळी’ एवढ्यावरून कुणालाही काही ओळखता येत नाही.